आवाज बसला, आणि तपासली छाती

आवाज बसला की घरात आधी ज्येष्ठमध निघतं, मग मिठाच्या गुळण्या, मग हळदीचं दूध. तरीही महिनाभर उतार पडला नाही, की माणूस कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातो. दुर्बिणीतून डावा स्वरतंतू हलत नसल्याचं दिसतं आणि डॉक्टर चक्क छातीचा सिटी स्कॅन लिहून देतात. रुग्ण बुचकळ्यात पडतो. दुखणं घशाचं, तपासणी छातीची!

गळ्याखालच्या खळग्यात बोट ठेवून ते छातीच्या मधल्या हाडावरून खाली सरकवा. साधारण पाच सेंटिमीटरवर आडवा उंचवटा हाताला लागतो. महाधमनीची कमान याच पातळीवर सुरू होते आणि मागे कण्याजवळ याच पातळीवर संपते. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून निघालेली, सुमारे तीन सेंटिमीटर रुंदीची ही नळी आधी वर चढते, मग मागे, डावीकडे वळून खाली उतरते. कमानीच्या माथ्यावरून तीन फाटे फुटतात. उजवा हात आणि मानेची उजवी बाजू यांना मिळून एकच फाटा, डावीकडे मात्र दोघांना स्वतंत्र. शरीर वाटतं तितकं समतोल नाही.

कमानीच्या कुशीत फुप्फुसधमनी दुभंगते. धमनी म्हणजे शुद्ध रक्त, हे शाळेत पाठ केलेलं समीकरण इथे साफ चुकतं: ही धमनी ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुप्फुसांकडे नेते.

या दाटीतूनच स्वरयंत्राची डावी चेता जाते. मेंदूकडून येताना ती घशाला ओलांडून थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्र गाठते. उजवी चेता हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालून वरच्या वरच परत फिरते. हा द्राविडी प्राणायाम गर्भावस्थेतला आहे. सुरुवातीला गर्भाला मान नसते, आणि चेता माशाच्या कल्ल्यांसारख्या रक्तवाहिन्यांच्या कमानींखालून सरळ जाते. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं आणि कमानीत अडकलेली चेता ताणली जाते. जिराफात तर हा फेरा कित्येक मीटरांचा होतो.

नॉर्बर्ट ऑर्टनर या डॉक्टरांनी 1897 मध्ये हृदयाची झडप अरुंद झालेल्या रुग्णांत घोगऱ्या आवाजाची नोंद केली. फुगलेल्या हृदयाच्या रेट्याने ही चेता फुप्फुसधमनी आणि महाधमनी यांच्यामध्ये चिमटली जाते. लहानपणीच्या संधिवातज्वराने झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे आजही आहेत. महाधमनीचा फुगवटा, क्षयाच्या गाठी, फुप्फुसाचा कर्करोग यांनीही हीच चेता दाबली जाऊ शकते.

म्हणून आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर ज्येष्ठमधाची डबी बाजूला ठेवा आणि घसा दाखवून घ्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर आधी.