गेमिंग माउसपॅडवर पैसे खर्च करावेत का?

माउसचा सेन्सर खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो टिपून हालचाल ओळखतो. टेबलावर काच किंवा चकचकीत सनमायका असेल तर तो गोंधळतो आणि कर्सर उड्या मारतो. त्यावर साधा कापडी पॅडही पुरतो. ऑफिसचे काम किंवा अधूनमधून गेम खेळण्यासाठी जास्त खर्चाची गरज नाही.

'व्हॅलोरंट', 'काउंटर-स्ट्राइक' कमी सेन्सिटिव्हिटीवर खेळणाऱ्यांचे गणित वेगळे. त्यांचा माउस मनगटाने नव्हे, पूर्ण हाताने फिरतो; म्हणून सुमारे ४० ते ४५ सेंटीमीटर रुंद पॅड उपयोगी पडतो. कापडी पॅडवर माउस थांबवणे सोपे, कडक पॅडवर तो वेगाने सरकतो. पावसाळी दमट हवेत कापड जड वाटू शकते. आरजीबी लाइटने नेम सुधारत नाही. त्यामुळे आधी आकार आणि शिवलेल्या कडा पाहा, मगच किंमत.