मागचेच केस गुंततात, ती जट नव्हे

कापूस वेचणीचे दिवस आले की सोयगाव तालुक्यातल्या वस्त्यांमधून आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोरीचे पुढचे केस सरळ आहेत, मागचे मात्र कुरळे होऊन गुंततात. असं का?" विचारणारीच्या आवाजात काळजी कमी आणि भीती जास्त असते. कशाची भीती, ते ती बोलत नाही. शेवटी आम्हीच तो शब्द काढतो. जट.

मागच्या हिवाळ्यात एका घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. खाली बारा वर्षांची मुलगी डोक्याला रुमाल बांधून बसलेली. मानेच्या वर केसांचा मुठीएवढा गोळा झाला होता, त्यात सरकीचे तंतू अडकलेले, वास येत होता. पोरी हसतात म्हणून दोन महिने ती शाळेत गेली नव्हती. आई कापायला तयार होती, आजी नाही. आजीच्या सख्ख्या बहिणीची जट कापली आणि वर्षाच्या आत ती वारली, हे आजीने डोळ्यांनी पाहिलेलं. कशाने वारली, असं आम्ही विचारलं. बाळंतपणात रक्त गेलं. आम्ही पुढे काही बोललो नाही. जरा वेळाने आजीच म्हणाली, "तव्हा दवाखाना लांब होता बाई."

एकाच डोक्यावर दोन-तीन तऱ्हेचे केस असणं हा आजार नाही. केसाचं मूळ कातडीत एका बारीक पिशवीत असतं. ती पिशवी सरळ असली तर केस सरळ येतो, वाकडी असली तर कुरळा. सगळ्या पिशव्या एकसारख्या नसतात, म्हणून कपाळावर लाटा, टाळूवर सरळ आणि मानेवर घट्ट वळणं असं बऱ्याच जणींचं असतं. वयात येताना किंवा बाळंतपणानंतर केसांची जात बदलू शकते. कॅन्सरच्या औषधांनी गेलेले केस परत येतात तेव्हा पुष्कळदा आधीपेक्षा कुरळे येतात.

मग मागचेच का गुंततात? तिथे आपला हात नीट पोचत नाही. रात्रभर तो भाग उशीवर घासतो, दिवसभर रुमालाची गाठ तिथेच, घाम तिथेच. त्यात आपलं बोअरचं जड पाणी. कपड्याच्या किंवा अंगाच्या साबणाने केस धुतले की जड पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो. कुरळा केस आधीच कोरडा, कारण टाळूचं तेल वळणावळणाने टोकापर्यंत उतरत नाही. चिकट आणि कोरडे केस एकमेकांत अडकले, आठ दिवस फणी फिरली नाही, की गुंता झाला. भीतीने आणखी महिनाभर हात लावला नाही, की त्याचा नमदा होतो. यात देवी कुठेच नाही.

युरोपातही हेच होतं. पोलंडमध्ये अशा गुंत्याला कोल्तून म्हणत. तो कापला तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, असं लोक मानत. १९ व्या शतकात क्राकोवचे डॉ. योझेफ दिएत्ल यांनी हा रोग नसून अस्वच्छता आणि अंधश्रद्धा आहे असं ठासून सांगितलं. तिथले लोक काही यल्लम्माला ओळखत नव्हते. आपल्याकडे मात्र जटेचा फास जास्त आवळला, कारण जट आली म्हणून गरिबाची, बहुतेक वेळा दलिताची पोरगी देवाला सोडली जायची. १९३६ साली बाबासाहेबांनी मुंबईत परळला देवदासी, जोगतिणी, पोतराज यांची सभा घेऊन ते जिणं सोडायला सांगितलं, ते उगीच नाही. आज पुण्याच्या नंदिनी जाधव अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामातून शेकडो बायांच्या जटा कापून देतात.

गुंता नवा असेल तर कापायची गरज नाही. खोबरेल तेल भरपूर चोळून तासभर ठेवा. मग बोटांनी, खालच्या टोकाकडून वर, बट-बट सोडवत जा. मुळापासून फणी ओढली की गाठ अजून आवळते आणि लेकरू पुन्हा डोक्याला हात लावू देत नाही. कुरळे केस ओलसर असताना, तेल किंवा कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरावेत. सरळ भागाला बारीक फणी चालते. एका डोक्याला दोन कंगवे लागले तर लागू द्या, दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे. साबणाऐवजी शाम्पूची पुडी किंवा शिकेकाई वापरा. झोपताना सैल वेणी घाला. घट्ट वेणीने कानशिलावरचे केस मुळातून जातात.

नमदा झाला असेल तर कापणं हाच उपाय. टाळू आणि गुंता यांच्या मध्ये आपली बोटं ठेवा आणि बोटांच्या वरून कातर चालवा. खाली जखम, पू किंवा उवा सापडतात. उवांवर रॉकेल ओतू नका, कातडी भाजते आणि जवळ चूल असली तर जीव जातो. दवाखान्यातून औषध आणा. गोल चट्टा पडून केस तुटत असतील तर ते गजकर्ण असू शकतं, त्याला नुसतं मलम पुरत नाही, गोळ्या लागतात. लहान लेकराचे केस विरळ, भुरकट झाले आणि पाय सुजले तर केसांचं बघत बसू नका, ते कुपोषण आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पार्लरमध्ये सरळ करून घेण्याबद्दल मुली विचारतात. काही औषधांतून फॉर्मालिनचा वायू निघतो, डोळे चुरचुरतात, दम लागतो. पैसे जातात आणि मुळातून नवा केस कुरळाच येतो. आम्ही तरी करू नका म्हणतो.

त्या घरी आजी शेवटी कशाने तयार झाली? फर्दापूरच्या लेण्या तिने पाहिलेल्या. तिथल्या मूर्तींच्या डोक्यावर बारीक कुरळे केस कोरलेत, हे तिला आठवत होतं. आम्ही एवढंच म्हणालो, घर सोडल्यावर सिद्धार्थाने आपले केस आपल्याच हाताने कापले होते. आजीने कातर आमच्या हातातून घेतली. पहिला काप तिचा, पुढचे आमचे.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. आता मुलीचे मागचे केस कानाच्या खाली आलेत, पुन्हा तसेच कुरळे. दर रविवारी ती ओट्यावर बसते, मागून तेल लावायचं काम आजीकडे आहे.