पंखा घरघरतो का?

चिंचवडला बैठकीच्या खोलीत आम्ही सुटे भाग जोडून संगणक तयार केला. दिवसा रहदारीच्या गोंगाटात त्याचा पंखा जाणवत नसे. रात्री मात्र घरघर झोपू देईना. हा आवाज येतो कुठून?

पेटीचा पत्रा हाताने दाबला, तर घरघर एकदम कमी! म्हणजे पंख्याची थरथर पत्र्यात उतरत होती. स्क्रूपाशी रबरी चकत्या घातल्या आणि ती थांबली.

उरली हवेची सळसळ. पंख्याचा वेग निम्मा केला, तर ती साधारण १५ डेसिबलने उतरते. पण हवाही निम्मीच वाहते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांपर्यंत चढतो. तेव्हा प्रोसेसर तापणारच. मग काय करायचे? पंखा मोठा घ्यायचा. सारख्याच घडणीचा पंखा ८० ऐवजी १२० मिलिमीटरचा घेतला, तर एका फेऱ्यात सुमारे ३.४ पट हवा ढकलली जाते. तेवढ्याच हवेसाठी वेग तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पुरतो.

वर्गात नादकाटा वाजवून आधी हवेत धरा, मग त्याची दांडी टेबलावर टेकवा. आवाज का वाढला, हे मुलांनाच सांगू द्या.