कर्सर हलवतो कोण?

सिंदी मेघे येथे सी भाषेतल्या शंका घेऊन जे विद्यार्थी माझ्याकडे येतात, त्यांपैकी बहुतेकांची अशी दृढ समजूत असते की, पडद्यावर हव्या त्या जागी कर्सर नेणारे 'गोटूएक्सवाय' हे सी भाषेचेच अंगभूत फंक्शन आहे. आणि लिनक्सवर त्यासाठी लागणारी 'कोनिओ डॉट एच' ही फाइल सापडत नाही असे कंपायलरने कळविले की, ते कंपायलरलाच दोष देतात. ही समजूत साफ चुकीची आहे, आणि प्रात्यक्षिकांच्या वह्यांतून ती अजूनही नकलून घेतली जाते, याचा मला मनस्वी संताप येतो.

१९८९ साली अमेरिकेत मुक्रर झालेला सी भाषेचा प्रमाण दस्तऐवज उघडून पाहावा: बॅकस्लॅश-आर, बॅकस्लॅश-बी अशी पुढच्या अक्षराची जागा सरकविणारी मोजकी चिन्हे त्यात आहेत, परंतु अमुक ओळीवर, अमुक स्तंभावर जा असा हुकूम देणारे एकही फंक्शन नाही. 'गोटूएक्सवाय' ही बोरलँड कंपनीने टर्बो सीला पदरची दिलेली जोड होय. त्याच कंपनीच्या १९८३ च्या टर्बो पास्कलमध्ये ते नाव आधीपासून नांदत होते, याहून वेगळा पुरावा तो काय हवा? नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' उशाशी ठेवून आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यासमोर बसून आमच्याकडचे कित्येक जण ही भाषा शिकले, आणि त्या ओघात भाषा कोणती व कंपनीची जोड कोणती हा विवेक मागे पडला.

कर्सर प्रत्यक्षात हलवतो तो टर्मिनल. एस्केप वर्ण (क्रमांक २७), चौकटी कंस, ओळ, अर्धविराम, स्तंभ आणि शेवटी मोठा एच, एवढे 'प्रिंटएफ'ने छापले की काम होते. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलने रूढ केलेला हा संकेत ईसीएमए-४८ या मानकात नमूद आहे, आणि विंडोज १० चा कन्सोलही, ती सोय चालू करून घेतल्यास, तो पाळतो. मात्र येथे ओळ आधी येते आणि 'गोटूएक्सवाय'मध्ये स्तंभ आधी, हे विसरणाऱ्याचा मजकूर भलतीकडेच उमटतो.

बॅकस्लॅश-बी अक्षर पुसते, हेही खरे नव्हे. ते कर्सर एक घर मागे नेते, पुसण्यासाठी वर रिकामी जागा छापावी लागते. पडदा पुसला म्हणजे कर्सर आपोआप वरच्या कोपऱ्यात जातो, असा भरवसा धरू नये. त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी. छापलेले तत्क्षणी दिसतेच असेही नाही. ओळ संपली नसेल तर 'एफफ्लश' करावे.

अध्यापकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, टर्बो सी शिकवायचेच असेल तर खुशाल शिकवावे, परंतु हे फंक्शन बोरलँडचे आहे, सीचे नाही, एवढे एक वाक्य पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावे.