घडवायचं आणि लगेच मोडायचं

लेहच्या विमानतळाबाहेर पडताच मराठी पर्यटकांच्या जथ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'इथे ऑक्सिजन कमी आहे हं, जपून चाला.' सल्ला रास्त आहे, पण हवेतला ऑक्सिजनचा वाटा तिथेही मुंबईइतकाच, म्हणजे २१ टक्के. घटतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो आणि दर श्वासामागे पदरात पडणारा ऑक्सिजन त्याच मापाने उणावतो. मग धाप लागते, आणि दिवस उलटतात तशा रक्तात तांबड्या पेशी वाढू लागतात.

ही वाढ घडवतं मूत्रपिंडात तयार होणारं एरिथ्रोपोएटिन, डॉक्टरांच्या तोंडचं 'ईपीओ'. ते मिळवण्यासाठी केलेला खटाटोप ऐकण्यासारखा आहे. जपानच्या ताकाजी मियाके यांनी अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांची २,५५० लिटर लघवी जमवली. तिचा अर्क त्यांनी शिकागोला यूजीन गोल्डवॉसर यांच्याकडे नेला. १९७७ साली त्यातून शुद्ध ईपीओ निघालं, अवघं काही मिलिग्रॅम!

पण ऑक्सिजन घटलाय हे मूत्रपिंडाला कळतं कसं? बाल्टिमोरचे ग्रेग सेमेन्झा ईपीओच्या जनुकाजवळचा डीएनए तपासत होते. तिथे ऑक्सिजन कमी असतानाच येऊन चिकटणारं एक प्रथिन त्यांना सापडलं. त्याचं नाव 'हिफ'. ऑक्सफर्डचे पीटर रॅटक्लिफ मूळचे मूत्रपिंडाचे डॉक्टर. त्यांना दिसलं की ही जाणीव मूत्रपिंडापुरती नाही, शरीरातल्या जवळजवळ साऱ्या पेशींकडे ती आहे. त्यांचा १९९२ सालचा एक शोधनिबंध 'नेचर'ने साभार परत केला होता. संपादकांनाही नोबेलचा वास दरवेळी येतोच असं नाही.

खरी गंमत पुढे आहे. ऑक्सिजन कमी पडला की पेशी हिफ बनवायला घेत असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हिफचा अल्फा नावाचा भाग ती अष्टौप्रहर बनवत असते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर बनल्या बनल्या मोडीत काढते. त्याचं अर्धायुष्य पाच मिनिटांच्याही आत.

मोडण्याची रीत अशी. एक एन्झाइम ऑक्सिजनचा रेणू घेतं आणि त्यातला एक अणू हिफमधल्या प्रोलीन या अमिनो आम्लावर बसवतं. या कामाला लोहही लागतं. ती खूण दिसली की व्हीएचएल नावाचं प्रथिन हिफला धरतं, त्यावर युबिक्विटिनची साखळी चढते आणि पेशीतलं प्रोटिएसोम त्याचे तुकडे करतं. ऑक्सिजन नसेल तर खूणच उमटत नाही. हिफ साचतं, केंद्रकात शिरतं, आपल्या जोडीदार प्रथिनाशी जुळतं आणि शेकडो जनुकं जागी करतं : ईपीओचं, नव्या रक्तवाहिन्या फुटवणारं, ऑक्सिजनविना साखर जाळणारी.

वरकरणी ही शुद्ध उधळपट्टी. पण मोरीचा नळ सुरूच असेल, तर पाणी साचवायला नुसता बोळा दाबला की झालं. प्रथिन नव्याने घडवण्यात जाणारा वेळ पेशी अशी वाचवते.

व्हीएचएलचा धागा बॉस्टनचे विल्यम केलिन यांच्या हाती लागला तो एका आनुवंशिक रोगामुळे. या रोगात व्हीएचएल निकामी असतं, आणि मूत्रपिंडात, मेंदूत, डोळ्याच्या पडद्यात रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या गाठी होतात. ऑक्सिजन भरपूर असूनही या पेशी गुदमरल्यासारख्या वागतात. प्रोलीनवरची खूण २००१ साली केलिन आणि रॅटक्लिफ या दोघांच्या गटांनी एकाच वेळी जाहीर केली. २०१९चं वैद्यकाचं नोबेल हे दोघे आणि सेमेन्झा अशा तिघांत विभागून गेलं.

लेहसारख्या उंचीवर वाढत्या तांबड्या पेशींनी आपलं रक्त दाट होतं; तिबेटी माणसांचं मात्र फारसं होत नाही. त्यांच्यात हिफच्याच एका भावंडाच्या जनुकाचं वेगळं रूप आढळतं. ते डेनिसोव्हन या लुप्त मानवांकडून आल्याचं २०१४ साली दाखवण्यात आलं.

आता औषधवाल्यांचं लक्षही याच बोळ्यावर आहे. मूत्रपिंड थकलेल्या रुग्णांत ईपीओ घटतं आणि रक्तक्षय होतो. त्यावर एरवी इंजेक्शनं टोचली जातात. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या डेसिडुस्टॅट या गोळीला भारतात २०२२ साली मान्यता मिळाली. ती खूण उमटवणारं एन्झाइम रोखते, म्हणजे भर ऑक्सिजनात शरीराला टंचाईचा भास घडवते. खेळाडूंनी ही औषधं घेण्यावर अर्थातच बंदी आहे. उलट दिशेचं औषध बेल्झुटिफान, अमेरिकेत २०२१ साली मंजूर झालेलं. व्हीएचएलच्या गाठींसाठी ते हिफलाच अडवतं. त्याचा नेहमी दिसणारा दुष्परिणाम म्हणजे रक्तक्षय.