हलकें घर आणि काळी भुई

नांदेडजवळच्या आमच्या शेतांत कारखान्यांत तयार झालेलें दोन खोल्यांचें घर आणून बसवावें, असें आमच्या धाकट्या बंधूंनीं मनांत घेतलें आहे. लोखंडी सांगाडा, हलक्या भिंती, वर पत्रा. ट्रकवरून उतरविलें कीं थोड्याच दिवसांत राहण्याजोगें. “एवढ्याशा ओझ्यास पाया कशाला? चार दगडांवर टेकविलें म्हणजे झालें,” असें त्यांचें म्हणणें.

आमच्या भावजयीस हें घर पसंत आहे, पण त्याचें कारण निराळें. तिचें माहेर किल्लारीच्या बाजूचें. दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं तेथें भूकंप झाला आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारों माणसें झोपेंतच गेलीं. गांवोगांव मातींत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन हात जाड भिंती होत्या आणि माळवदावर मातीचा जड थर होता. भूकंपाचा धक्का घराच्या वजनाच्या प्रमाणांत बसतो. म्हणून उन्हाळ्यांत गारवा देणारें तेंच छप्पर त्या पहाटे काळ झालें. तेव्हांपासून ही बाई माळवदाखालीं निजलेली नाहीं. हलक्या घराचा तिचा आग्रह म्हणजे हौस नव्हे.

परंतु भूकंपाच्या दृष्टीनें जो गुण, तोच आमच्या काळ्या भुईवर दोष ठरतो, हें आम्हांस दोघांनाही समजावून सांगावें लागलें. काळ्या मातींत माँटमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. तें पाणी पिऊन फुगतें व सुकलें कीं आकसतें. वैशाखांत शेतास हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणांत त्या बुजून जातात, हें कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको. या फुगण्याचा जोर मोठा असतो. जड वाडा त्यास कांहीं अंशीं दाबून धरतो. हलकें घर मात्र उचललें जातें, आणि तेंही सर्व बाजूंनीं सारखें नव्हे. मग दारें अडकतात, सांधे उघडतात, भिंतींस तिरपे तडे जातात.

थंड देशांतही असेंच संकट असतें. कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तर भागांत अशीं तयार घरें पुष्कळ आहेत. तेथें हिवाळ्यांत जमिनींतील पाणी गोठतें, खालचें पाणी वर ओढलें जाऊन बर्फाचे थर बनतात आणि जमीन घरासकट वर येते. म्हणून तेथील खांब, कांहीं ठिकाणीं चार-पांच फूट खोल, गोठण्याच्या मर्यादेच्या खालीं टेकवितात. तेथें बर्फ आणि येथें पाऊस, नियम एकच. ऋतूचा फेर जेथवर पोंचत नाहीं, तेथें पाया टेकावा.

आमच्या पूर्वजांनींही भूमिपरीक्षा सांगितली आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत हातभर खड्डा खणून त्याचीच माती पुन्हा भरून पाहण्याची रीत आहे: माती उरली तर भूमि उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर अशुभ. या परीक्षेनें भूमि किती घट्ट हें कळेल, पण ती फुगेल कीं नाहीं हें कळत नाहीं. त्यासाठीं आजची परीक्षा निराळी व सोपी आहे. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन दोन मापाच्या नळ्यांत घालावी. एकींत पाणी, दुसरींत रॉकेल ओतावें व २४ तास ठेवावें. रॉकेलानें माती फुगत नाहीं. दोन्हींतील फरक हाच मातीचा स्वभाव. आम्हीं हें घरीं केलें, तेव्हां पाण्यांतील माती दुसरीच्या दीडपटीहून वर चढली. बंधु कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं कुदळ घेऊन स्वतः शेतांत गेले.

उपाय भुईप्रमाणें तीन. मुरूम जवळ लागला तर काळा थर ओलांडून खांब मुरुमावरच टेकवावेत. थर मध्यम असेल तर कांहीं माती काढून तेथें न फुगणारा चिकट मुरूम थराथरानें ठोकून भरावा. या रीतीचा पाया मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनानें घातला. थर फारच खोल असेल तर रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें रूढ केलेले, तळाशीं कंदासारखे फुगीर असलेले काँक्रीटचे खांब सुमारे साडेतीन मीटर खोल घ्यावेत. तो कंद खालच्या स्थिर मातींत रुतून घर धरून ठेवतो. तिन्हीं प्रकारांत खांबांस जोडणारी तुळई जमिनीपासून चार बोटें वर असावी, म्हणजे फुगलेली माती तिला उचलणार नाहीं. घराचा सांगाडा खांबांस बोल्टांनीं जखडावा, म्हणजे भूकंपांत तें घसरणार नाहीं व वादळांत उडणार नाहीं. न्हाणीचें पाणी भिंतीलगत मुरूं देऊं नये, आणि मोठें झाड दूर लावावें.

आमच्या शेतांत तीन ठिकाणीं खणून पाहिलें. पुरुषभर खोलीवर मुरूम लागला. खर्च वाढेल म्हणून बंधूंनीं थोडी कुरकूर केली. भावजय एवढेंच म्हणाली, “छपराचें भय तीस वर्षें वागविलें, आतां भुईचें नको.” त्यावर वाद उरला नाहीं. खांब मुरुमापर्यंत जाणार आहेत, आणि पावसापूर्वीं घर येईल.