गुच्छाने वाढणारे वाळवंटी निवडुंग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नैर्ऋत्य भाग आणि त्याला लागून असलेला मेक्सिको येथे सोनोरा व मोहावी ही वाळवंटे पसरली आहेत. तेथील खडकाळ उतारांवर व मुरमाड जमिनीवर एक बुटके निवडुंग झुबक्याने उभे असलेले आढळते. त्याचे शास्त्रीय नाव एकिनोसेरियस एंगलमनाय. ‘एकिनोस’ हा ग्रीक शब्द अंगाचा काटेरी गोळा करून बसणाऱ्या एका लहान प्राण्याचा वाचक आहे. सेंट लुईस येथे वैद्यकी करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगलमन (१८०९–१८८४) यांनी ही प्रजाती १८४८ मध्ये प्रस्थापित केली, आणि ही जाती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

झुबक्यात पाच-सहापासून साठापर्यंत खोडे असू शकतात. दुरून पाहणाऱ्यास ती निरनिराळी झाडे वाटतात. परंतु बहुधा सारा झुबका एकाच झाडाचा असतो व नवी खोडे जुन्या खोडाच्या बुंध्यातून फुटलेली असतात. खोड उंचीने सामान्यतः हात-दीड हाताच्या आतच राहते. त्यावर दहा ते चौदा उभे कंगोरे असतात. पाऊस पडला की उथळ पसरलेली मुळे पाणी शोषून घेतात आणि खोड फुगते; कोरड्या महिन्यांत ते आक्रसते. लोहाराच्या भात्याप्रमाणे कंगोऱ्यांच्या घड्या उघडतात व मिटतात, म्हणून साल फाटत नाही.

कंगोऱ्यांवर लवदार गादीसारखे ठिपके असतात व त्यांतूनच काट्यांचे झुपके निघतात. हे काटे म्हणजे पानांचेच रूपांतर होय. झुपक्यातील मधल्या काट्यांपैकी खालचा काटा बहुधा पांढुरका व तलवारीच्या पात्यासारखा चपटा असतो. आपल्याकडील थोर यापासून वेगळा ओळखण्यास हे ठिपके उपयोगी पडतात. थोर हा एरंडाच्या कुलातील आहे. त्याचे काटे जोडीने येतात, असे ठिपके त्यावर नसतात आणि चीर दिल्यास पांढरा चीक वाहतो. हा चीक डोळ्यांस घातक असल्याने परीक्षा जपूनच करावी. फड्या निवडुंग मात्र मूळचा अमेरिकेचा व या निवडुंगाचा खरा भाऊबंद आहे.

अन्न तयार करण्याचे काम येथे हिरवे खोडच करते. त्याची त्वग्रंध्रे रात्री उघडतात, दिवसा मिटलेली असतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठविला जातो आणि दिवसा उन्हाच्या साहाय्याने त्यापासून साखर बनते. थंड हवेत रंध्रे उघडल्याने पाणी अगदी थोडे उडून जाते. याच रीतीचा अनुभव आपल्या अंगणातील पानफुटीवर घेता येतो. तिचे पान पहाटे आंबट व दुपारी बेचव लागते, ही गोष्ट मद्रास इलाख्यात काम केलेले बेंजामिन हाइन यांनी नोंदविली व ती १८१५ मध्ये प्रसिद्ध झाली. कारणाचा उलगडा पुष्कळ नंतर झाला.

वसंतात कळ्या खोडाची साल भेदून बाहेर पडतात. फूल जांभळट गुलाबी व चांगले मोठे असते आणि त्याच्या मध्यभागी गर्द हिरवे किंजल्क उठून दिसते. रात्री मिटलेले फूल सकाळी पुन्हा उघडते. परागणाचे काम मुख्यतः मधमाश्या करतात. फळ लाल व गोड असते. पिकल्यावर त्यावरील काटे सहज झडतात, त्यामुळे ते माणसांस खाण्याजोगे होते. पक्षी व उंदीरही ते आवडीने खातात आणि बी दूरवर नेतात.

बी रुजले तरी रोप जगतेच असे नाही. वाळवंटी निवडुंगांची कोवळी रोपे बहुधा झुडुपाच्या किंवा दगडाच्या सावलीस तग धरतात. उघड्यावरची उन्हाने करपून जातात. वाढही फार मंद. भरघोस झुबका तयार होण्यास अनेक वर्षे लागतात, आणि शोभेसाठी तो उपटून नेण्यास एक सकाळ पुरते. म्हणूनच ॲरिझोना राज्यात रानातील निवडुंग खोदून नेण्यास परवाना लागतो.